फौज परतणे वेगळे, रसद तुटणे वेगळे

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव आटोपला की चहाच्या टपरीवर जगाचे राजकारण निघते, आणि कुठल्याशा देशातून परकीय सैन्य परतल्याची बातमी असली की तिथे एक वाक्य हमखास ऐकू येते: "फौज गेली, आता सरकार चार दिवसांचे." वर्तमानपत्रांतले जाणकारही हेच म्हणतात, फक्त त्यात 'सत्तेची पोकळी' हा शब्द घालतात. या शब्दाचा मला मनस्वी कंटाळा आला आहे, कारण त्यामुळे फौज परतणे आणि रसद तुटणे या दोन निराळ्या घटना एकाच पोत्यात भरल्या जातात. मग एक सरकार फौज गेल्यावरही तीन वर्षे का टिकले आणि दुसरे फौज पुरती निघण्याआधीच का कोसळले, याचा उलगडा कोणालाच होत नाही.

फौज परतणे फारसे समजावून सांगायला नको. त्याला तारीख असते, निरोपाचे संचलन असते, छायाचित्र असते. ढाक्यात भारतीय सैन्याचे निरोपाचे संचलन १२ मार्च १९७२ रोजी झाले, श्रीलंकेतून भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी निघाली. रसद कधी तुटली हे मात्र असे दिनदर्शिकेत सापडत नाही. पानिपत ठाऊक असलेल्या वाचकाला तिचे मोल सांगायची गरज नाही: डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, भाऊसाहेबांच्या छावणीकडे येणारे धान्य आटले आणि जानेवारीतली लढाई उपाशीपोटी लढावी लागली. आजच्या काळात धान्याच्या जोडीला सैनिकांचा पगार, इंधन, दारूगोळा, सुटे भाग, ते बसवणारा कारागीर आणि अडचणीच्या वेळी विमान येईल हा भरवसा, हे सगळे रसदीतच मोडते.

आता अफगाणिस्तान पाहावे, कारण खरा घोळ तिथेच होतो. सोव्हिएत फौज डिसेंबर १९७९ मध्ये शिरली आणि १५ फेब्रुवारी १९८९ रोजी तिचे सेनापती जनरल ग्रोमोव्ह सरहद्दीवरच्या आमू दर्या नदीवरचा पूल ओलांडून परतले. मॉस्कोच्या आधारावर उभे असलेले अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचे सरकार काही महिन्यांत पडेल, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. मार्चमध्येच पाकिस्तानच्या पाठबळावर मुजाहिदीनांनी, म्हणजे सरकारविरोधी बंडखोरांनी, जलालाबादवर हल्ला चढवला. तो फसला, आणि शहर राखले ते अफगाण सरकारी सैन्याने. पुढच्या वर्षी खुद्द संरक्षणमंत्री तनाई यांनी बंड केले, तेही मोडले. याचे कारण असे की सैनिक गेले तरी मॉस्कोहून धान्य, इंधन, दारूगोळा आणि स्कड क्षेपणास्त्रे येतच राहिली, आणि त्यांच्याच जोरावर नजीबुल्ला टोळ्यांच्या सरदारांना पदरी बांधून ठेवू शकले. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १ जानेवारी १९९२ पासून सरकार आणि मुजाहिदीन या दोन्ही बाजूंना शस्त्रे देणे बंद करायचे ठरवले आणि डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. मग सरकारच्या बाजूने लढणारे उत्तरेतले सरदार दोस्तम फिरले, मार्चमध्ये मझार-ए-शरीफ गेले आणि एप्रिलमध्ये नजीबुल्ला सत्तेवरून दूर झाले. फौज परतल्यापासून हिशेब मांडला तर हे सरकार तीन वर्षे चालले. रसद तुटल्यापासून मांडला तर जेमतेम चार महिने.

२०२१ चे काबूल समजण्यासाठी मला माझ्या मावसभावाचा ट्रॉलर आठवतो. त्याचे जुने इंजिन कुरकुरले तरी बंदरावरचा मिस्त्री तासाभरात चालू करून देई. पुढे त्याने कर्ज काढून नवे, संगणकाधारित यंत्रणेचे इंजिन बसवले. ते ऐन हंगामात बंद पडले, कंपनीचा माणूस यायला बारा दिवस लागले, आणि तांडेल, खलाशी, जाळी, बर्फ सगळे जागच्या जागी असून बोट तेवढे दिवस धक्क्याला बांधून राहिली. अफगाण हवाई दलाचे अगदी हेच झाले. त्यांचे कारागीर जुनी रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरे बऱ्याच अंशी स्वतः दुरुस्त करत. त्यांच्या जागी आलेली अमेरिकी ब्लॅक हॉक परदेशी कंत्राटदारांवाचून उडवत ठेवणे त्यांना शक्य नव्हते. अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात, ज्यात काबूलचे सरकार पक्षकारच नव्हते, सैनिकांबरोबर हे कंत्राटदारही परत नेण्याचे ठरले होते. म्हणजे या वेळी फौज आणि रसद एकदमच निघाली. काबूल १५ ऑगस्टला तालिबानच्या हाती पडले, शेवटचे अमेरिकी लष्करी विमान उडाले ३० ऑगस्टला. अफगाण सैन्यातला भ्रष्टाचार, पगारपटावरचे नसलेले शिपाई, ही कारणे मी नाकारत नाही. पण ती आदल्या वर्षीही होतीच.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी सीरिया पाहावा. रशियाने सप्टेंबर २०१५ मध्ये तिथे हस्तक्षेप केला, मार्च २०१६ मध्ये सैन्याचा मोठा भाग परत बोलावल्याचे जाहीर केले, आणि तिथले अध्यक्ष असद यांच्या खुर्चीला धक्का लागला नाही, कारण विमाने आणि शस्त्रे मिळत राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाचे तार्तूस आणि ह्मेइमीम हे तळ जागेवर होते, तरी असद पळाले: रशिया युक्रेनमध्ये अडकलेला, असद यांच्या बाजूने लढणारी लेबनॉनची हिजबुल्ला संघटना इस्रायलच्या माऱ्याने खिळखिळी झालेली, आधार द्यायला कोणी मोकळे नव्हते. फौज होती, रसद नव्हती. व्हिएतनामची कथा सर्वांना ठाऊक आहे: अमेरिकी फौज मार्च १९७३ मध्ये गेली, मदतीला कात्री लागली आणि सायगाव एप्रिल १९७५ मध्ये पडले.

मैत्रीच्या करारांचेही गणित रसदीवरच चालते. २०२१ मध्ये नाटोच्या इतर देशांना राहायचे असते तरी विमानतळ, वाहतूक आणि टेहळणी अमेरिकेची असल्यामुळे राहता आले नसते. भारताने १७ ऑगस्टला काबूलमधील दूतावास रिकामा केला आणि जून २०२२ मध्ये एक तांत्रिक पथक परत पाठवले, कारण पूर्वीचा आधार गेल्यावर शेजारी कोणाशी बोलणार, हे नव्याने ठरवणे भाग होते. उलट ढाक्यातले संचलन १२ मार्चला झाले आणि १९ मार्चला पंचवीस वर्षांचा मैत्री करार झाला. तिथे फौज निघाल्यानेच करार शोभला.

फौज परतली म्हणजे हस्तक्षेप संपला, ही समजूत याच घोळाची धाकटी बहीण आहे, आणि विजयदुर्ग पाहायला येणारे पाहुणे ती दर सुट्टीत ऐकवतात. नानासाहेब पेशव्यांनी विजयदुर्ग राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना बोलावले, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी किल्ला घेतला, आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले, आणि बरीच टाळाटाळ करून इंग्रजांनी ऑक्टोबरच्या तहाने किल्ला पेशव्यांना दिला. "बघा, शब्द पाळला," असे पाहुणे म्हणतात. पण त्याच तहात सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांकडे राहिले. पेशव्यांचे सरदार धुळप यांनी विजयदुर्गात पेशव्यांचे आरमार पुढे चालवले खरे. बाणकोट मात्र परत आले नाही.