सांगाड्याचं चित्र पोरांना काय शिकवतं?

कवटी, हाडांचा सापळा आणि खाली ‘एड्स म्हणजे मरण’. गावातल्या पोरापोरींना एचआयव्हीबद्दल सांगायचं म्हटलं की अनेकांना अजून हेच सुचतं. घाबरले की जपून वागतील, असा हिशोब. तो चुकतो.

अर्ल आणि अल्बारासिन या संशोधक महिलांनी २००७ मध्ये एचआयव्ही प्रतिबंधाच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. भीती घातल्यावर ‘मला धोका आहे’ ही जाणीव वाढली, पण माहिती आणि कंडोमचा वापर उलट घटला. समुपदेशन आणि चाचणी मिळालेल्यांत मात्र दोन्ही वाढले.

याचं कारण संवादशास्त्राच्या संशोधक किम विट यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं. धोका दिसला की मन आणखी एक गोष्ट तपासतं: यावर मला काही करता येईल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर माणूस धोका टाळायचं सोडून भीतीच टाळू लागतो. विषय निघाला की उठून जातो, ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणतो.

आता जिनिंगवर हंगामी कामाला जाणारा मुलगा, ट्रकवरचा क्लीनर, शाळा सुटून सोळाव्या वर्षी लग्न लागलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. गावात मेडिकल एकच, आणि दुकानदार वडिलांच्या ओळखीचा. त्या मुलीला तर नवऱ्यापुढे कंडोमचा शब्द काढायचीही सोय नाही. ‘काही करता येईल का’ याचं उत्तर यांच्याकडे आधीच ‘नाही’ असतं. त्यात मरणाची भीती ओतून काय साधणार?

सांगाड्याचं चित्र आणखी एक घातक गोष्ट शिकवतं: एचआयव्ही असलेला माणूस दिसण्यावरून ओळखू येतो. प्रत्यक्षात उपचार नसले तरी लागण झालेला माणूस अनेक वर्षं धडधाकट दिसू शकतो. पोरं मात्र त्या चित्राशी चेहरा ताडून पाहतात आणि निर्धास्त होतात.

‘एकदा चुकला की संपला’ हे वाक्यही तसंच. ज्याच्याकडून आधीच चूक झाली, तो म्हणतो, आता कंडोम वापरून काय उपयोग? खरं तर एका संबंधातून लागण होतेच असं नाही, त्यामुळे पुढचा प्रत्येक बचाव मोलाचा असतो. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर लागण रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. भीतीने तोंड लपवून बसलेल्या मुलीचे नेमके हेच तास निघून जातात. सर्वांत जास्त चीड येते ती याची.

मग सांगायचं काय? जे हाताने करता येतं ते. कंडोम पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये; मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात रबर खराब होतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर ते फाटतं. एकावर एक दोन चढवले तरी घासून फाटतात. तारीख पाहावी, टोक चिमटीत धरून हवा काढावी.

चाचणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. संबंधानंतर आठवड्याभरात केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी खात्री धरता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करावी. १८ वर्षांखालील मुलामुलींना पालकांची संमती लागते, हे आधीच सांगा, नाहीतर धीर करून गेलेली मुलगी दारातून परत फिरते. पॉझिटिव्ह निघालं तर २००४ पासून सरकारी औषधं मोफत आहेत. ती रोज घेऊन विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. पोस्टरवरचं ‘मरण’ इथे सरळ खोटं ठरतं.

शाळेची भिंत रंगवायचीच असेल, तर सांगाड्याच्या जागी १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक लिहा. खाली जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या चाचणी केंद्राची खोली आणि वेळ. आठवडी बाजाराच्या दिवशी केंद्र उघडं असतं का, तेही विचारून लिहा, कारण घरी कारण न सांगता तालुक्याला जाता येतं ते त्याच दिवशी.