गर्भजलातली सुई

पोटातल्या बाळावर उपचार करता येतात, हे १९६३ साली न्यूझीलंडमध्ये दिसलं. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम लायली आरएच-निगेटिव्ह रक्तगटाच्या मातांच्या बाळांवर काम करत होते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. पहिलं मूल बहुधा निभावतं, धोका पुढच्यांना. पेशी फुटल्या की गर्भजल पिवळं पडतं. लायली सुईने ते काढून पिवळेपणा यंत्रावर मोजत आणि बाळ किती संकटात आहे ते ठरवत. पण फार कोवळं बाळ बाहेर काढलं तरी त्या काळी ते जगणं अवघडच. म्हणून त्यांनी सुई आणखी आत नेऊन बाळाच्या पोटाच्या पोकळीत रक्त सोडलं. सोनोग्राफीची मदत नव्हती. एक्स-रेत दिसणारं द्रव्य गर्भजलात सोडायचं, बाळाने ते गिळलं की त्याची आतडी फिल्मवर उमटायची, त्यावरून नेम धरायचा. तीन प्रयत्न फसले, चौथं बाळ जगलं.

१९६८ मध्ये आईच्या शरीरात ही प्रतिद्रव्यं तयारच होऊ न देणारं अँटी-डी इंजेक्शन आलं आणि जिथे ते वेळेवर मिळालं तिथे अशी बाळंच कमी झाली.

त्याच दशकात गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं तपासणं जमू लागलं. त्यात डाऊन सिंड्रोम कळतो, तसं लिंगही कळतं. आपल्याकडे गिऱ्हाईक मिळालं ते या दुसऱ्या माहितीला. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये जन्मदोष शोधायला सुरू झालेली गर्भजल परीक्षा ऐंशीच्या दशकात मुंबईच्या खासगी दवाखान्यांत मुली टाळण्याचं साधन झाली होती. हे डॉक्टरांनीच केलं, अडाणी खेड्यांवर ढकलून चालणार नाही. स्त्री संघटनांनी रान उठवलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पुढे सोनोग्राफी स्वस्त झाली, सुईची गरजच उरली नाही. २००३ च्या दुरुस्तीत गर्भधारणेआधीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७.

आता आईच्या दंडातून काढलेल्या रक्तातही बाळाचा डीएनए सापडतो. शास्त्रज्ञ डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो दाखवला, तो मुलग्यांच्या वाय गुणसूत्राचा माग काढूनच. ही तपासणी भारतातही होते, मात्र कायद्यामुळे अहवालात लिंग सांगता येत नाही.