फॅशन डिझाइनचे पदवी शिक्षण (बडोदे)

पोशाखाची कल्पना करणे, ती कागदावर बेतणे, कापडात उतरवणे आणि तोच पोशाख निरनिराळ्या मापांत, ठरलेल्या खर्चात, दुसऱ्या कोणालाही शिवता येईल अशी त्याची लेखी मांडणी करणे, हे शिकवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम. शिवणक्लास आणि पदवी यांतला फरक या शेवटच्या भागात आहे. शिवणक्लासात समोरच्या बाईचा ब्लाउज नीट बसला की काम झाले. पदवीच्या विद्यार्थ्याला तो का बसला हे सांगता आले पाहिजे आणि न बसल्यास कोणती रेघ किती सेंटिमीटर सरकवायची तेही.

बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) ही पदवी बहुतेक ठिकाणी चार वर्षांची, आठ सत्रांची असते. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. पहिले वर्ष पायाभूत असते: रेखाटन, रंग, भूमिती, कागद-माती-तारेतून घडण. दुसऱ्या वर्षी बेतणी, शिवण आणि वस्त्रविज्ञान सुरू होते. तिसऱ्यात विणीचे (होजियरी) कपडे, संगणकावरची बेतणी, कारागिरांकडे जाऊन नोंदी आणि कारखान्यातली उमेदवारी येते. चौथे वर्ष अंतिम संग्रहाचे, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः घडवलेल्या पोशाखांच्या संचाचे.

बडोद्याला या विषयाची जुनी बैठक आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर तिचे पहिले प्रमुख. कापड रंगवणे आणि छापणे हे तिथे रसायनशास्त्राच्या आधाराने शिकवले जाई. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि कलाभवनाचा वारसा त्याच्या तंत्रज्ञान शाखेकडे आला. वस्त्र आणि परिधान हा विषय पूर्वीच्या गृहविज्ञान, म्हणजे आताच्या ‘फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस’ शाखेत शिकवतात. तिथला भर वस्त्रविज्ञानावर आहे, हे प्रवेश घेण्याआधी समजून घ्यावे. ललितकला शाखा १९५० ची. तिथले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात हातमाग मंडळाचे डिझाइनचे काम पाहत होते. चित्रकला आणि माग यांच्यात इथे फारशी भिंत कधी नव्हती. जवळच गांधीनगरला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे ‘निफ्ट’चे केंद्र आहे. वस्त्रांचे जुने नमुने पाहायला अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय (स्थापना १९४९) एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.

निफ्टच्या बी.डेस. प्रवेशात सर्जनशीलता चाचणीला ५० टक्के, सामान्य क्षमता चाचणीला ३० टक्के आणि ‘सिच्युएशन टेस्ट’ला २० टक्के भार असतो. या शेवटच्या चाचणीत दिलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळात वस्तू घडवायची असते. समोर आहे ते सगळे साहित्य वापरायच्या हट्टापायी बरीच मुले इथे गुण घालवतात. दोनच वस्तू घेऊन पक्का सांधा केलेली प्रतिकृती परीक्षकाने उचलली तरी तुटत नाही.

वर्गाची भाषा इंग्रजी असते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातून आलेल्या मुलीला आजीकडून माया (शिवणीसाठी सोडलेले जादा कापड), मुंढा (बाही जोडायची गोलाई), उरेब (कापडाची तिरकी दिशा), टक (आकारासाठी चिमटून घातलेली शिवण), धावदोरा हे शब्द मिळालेले असतात. वर्गात त्यांनाच सीम अलाउन्स, आर्महोल, बायस, डार्ट, रनिंग स्टिच म्हणतात. वहीत दोन्ही नावे शेजारी लिहिलेली असावीत, कारण शिवणखात्यातले मास्टर पुस्तकी नावांवर काम करत नाहीत.

बेतणी आणि मांजरपाट

या शिक्षणाचा कणा बेतणी हाच आहे. देखणे रेखाटन प्रवेशाला आणि अर्जाच्या फायलीला उपयोगी पडते. चार वर्षांत ज्यांची बेतणी कच्ची राहते, त्यांना पुढे आपले रेखाटन दुसऱ्याने बेतून देईपर्यंत थांबावे लागते.

सुरुवात वरच्या अंगाच्या मूळ नमुन्यापासून होते. समजा छाती ८८ सेंमी आणि कंबर ७० सेंमी आहे. छातीत ८ सेंमी सैलपणा धरला तर ९६ होतात, त्याचा पाव भाग २४. कंबरेत ४ धरला तर ७४, त्याचा पाव भाग १८.५. उरलेल्या ५.५ सेंमीपैकी २.५ बाजूच्या शिवणीत आणि ३ टकेत जातात. टकेचे टोक छातीच्या उंच बिंदूच्या २ ते २.५ सेंमी अलीकडे थांबले पाहिजे. ते थेट बिंदूवर नेले की तिथे शेंडा उभा राहतो आणि इस्त्रीनेही बसत नाही. माया बाजूला २.५, मुंढ्याला १ आणि गळ्याला ०.६ सेंमी पुरते. गळ्याला जास्त माया ठेवली की वळणावर ती उलटत नाही आणि गळा ताठ राहतो.

नमुना आधी मांजरपाटात कापतात. या कोऱ्या, बिनधुवट सुती कापडावर पेन्सिलीची रेघ दिसते आणि चुकीची सुरकुती लपत नाही. मांजरपाट आधी भिजवून, वाळवून, उभा-आडवा धागा काटकोनात ओढून इस्त्री करायचा असतो. ही पायरी गाळली की कापड तिरके राहते. मग पोशाखाची बाजूची शिवण पुढच्या बाजूला वळते आणि दोष नमुन्यात शोधण्यात दोन दिवस जातात.

सुरकुत्या वाचणे हे इथले खरे कौशल्य. छातीवर आडवी ओढ आली तर रुंदी कमी आहे. छातीकडून बाजूला तिरकी ओढ खाली उतरली तर टक अपुरी आहे. मानेच्या मागे आडवी घडी पडली तर पाठीची उंची जास्त आहे किंवा खांद्याची रेघ चुकली आहे. बाहीच्या टोपीचा, म्हणजे मुंढ्यात बसणाऱ्या वरच्या गोलाईचा घेर मुंढ्यापेक्षा २ ते ३ सेंमी जास्त असावा लागतो. घट्ट विणीच्या पॉपलिनला एवढेही मानवत नाही, चुण्या पडतात. तिथे टोपीची उंची कमी करावी. ओढून बसवलेली बाही पहिल्या धुण्यात उघडी पडते.

चणियाच्या कळ्या

बडोद्यात आश्विन नवरात्राआधी चणियाचोळीचे, म्हणजे घागरा-चोळीचे काम जोरात असते आणि विद्यार्थ्यांना बेतणीचे गणित शिकायला याहून चांगला पोशाख नाही. उदाहरणार्थ कंबर ७० सेंमी, उंची ९५ सेंमी, घेर आठ मीटर, कापडाचा पन्हा (रुंदी) ११२ सेंमी.

सोळा कळ्या (वर अरुंद, खाली रुंद तुकडे) ठरवल्या तर प्रत्येक कळी वर साधारण ४.४ आणि खाली ५० सेंमी. दोन्ही बाजूंना एकेक सेंमी माया धरून ६.४ आणि ५२. एक कळी सुलटी, शेजारची उलटी ठेवली तर एका पन्ह्यात तीन बसतात. लांबी दुमड आणि कंबरेसह १०० सेंमी धरू. पाच मीटरमध्ये पंधरा कळ्या निघतात आणि सोळाव्या कळीसाठी सहावा मीटर कापावा लागतो, ज्याचा दोन तृतीयांश भाग वाया जातो. पंधराच कळ्या केल्या, आणि कंबर भरण्यासाठी वरची रुंदी ४.७ सेंमी धरली, तर घेर साडेसात मीटर होतो आणि पूर्ण एक मीटर कापड वाचते. गिऱ्हाईकाला अर्ध्या मीटरचा फरक अंगावर कळत नाही, हिशेबात मात्र वाचलेला मीटर लगेच दिसतो.

छाप एकाच दिशेचा असेल, मोर किंवा हत्ती सगळे डोके वर करून उभे असतील, तर कळी उलटवता येत नाही. मग पन्ह्यात दोनच बसतात आणि त्याच सोळा कळ्यांना आठ मीटर लागतात. कापड घ्यायच्या आधी छाप पाहायचा तो यासाठी.

दुसरी चूक खालच्या काठाची. कळीची तिरकी बाजू मधल्या उभ्या रेघेपेक्षा लांब असते. वरच्या मापांत ती ९७.७ सेंमी भरते, म्हणजे २.७ सेंमी जास्त. खालचा काठ सरळ ठेवला तर प्रत्येक जोडावर चणिया टोकदार लोंबतो. दोन्ही कोपरे २.७ सेंमीने वर घेऊन काठाला गोलाई द्यावी लागते. शिवाय तिरकी बाजू अर्धवट उरेब असल्याने वजनाने ताणते. सगळ्या कळ्या जोडून चणिया एक रात्र टांगून ठेवावा, मगच जमिनीपासून समान उंची मोजून दुमड घालावी. घाईत आधी दुमड घातलेला चणिया गरब्याच्या दुसऱ्या रात्री एकीकडे लोंबायला लागतो.

कापड ओळखणे

वजन काढायला १० × १० सेंमीचा तुकडा कापून शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात आणि शंभराने गुणतात. आलेला आकडा म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅम. हलक्या वॉयलचा तो ६० ते ८०, जाड डेनिमचा ३५० च्या पुढे. आटण्यासाठी ५० सेंमीचा चौकोन आखून धुतात. तो ४८ झाला तर चार टक्के आटले, म्हणजे ९५ सेंमीचा चणिया पहिल्या धुण्यात जवळजवळ चार सेंमी आखूड. पोशाख बेतण्याआधी कापड धुवून घेण्याचा आग्रह शिक्षक धरतात तो या आकड्यामुळे.

सुईही कापडाप्रमाणे बदलते: तलम कापडाला ११ नंबर, मध्यम सुतीला १४, डेनिमला १६ ते १८. चंदेरीवर १६ नंबरची सुई घातली तर टाक्याटाक्याला भोके दिसतात आणि टाका उसवला तरी ती बुजत नाहीत. शिवणीत चुण्या आल्या की मुले लगेच वरच्या दोऱ्याचा ताण फिरवतात. आधी बॉबिनची डबी दोऱ्याला धरून टांगावी. हलका झटका दिल्यावर ती थोडी घसरून थांबली तर खालचा ताण ठीक आहे. धाडकन उतरली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

संगणकावरील बेतणीसाठी टुकाकॅड, लेक्ट्रा आणि त्रिमितीसाठी क्लो ही साधने वापरतात. छापून आलेल्या नमुन्यावरचा १० सेंमीचा तपासणी-चौकोन पट्टीने मोजल्याशिवाय कात्री लावू नये. छपाईत दोन टक्के घट झाली तर छातीत दोन सेंमी कमी पडतात.

नोंदी आणि अंतिम संग्रह

कारागिरांकडच्या नोंदींसाठी विद्यार्थी पाटणचा पटोळा, कच्छची बांधणी इथपर्यंत जातात. गावातच राहिलेला एक विषय मात्र मोलाचा आहे. बडोद्याच्या मराठी घरांतल्या पेट्यांमध्ये जुन्या नऊवारी अजून आहेत. नऊ वार म्हणजे ८.२ मीटर. पन्हा, काठाची रुंदी, पदराची लांबी, सुताचा पोत मोजून, काष्टा नेसण्याची प्रत्येक घडी छायाचित्रात टिपून ठेवली तर पुढे काष्ट्यावरून धोतीपँट बेतताना अंदाजाने काम करावे लागत नाही. साडी मोजताना हातमोजे घालावेत. जरीची साडी टांगू नये, पाटावर पसरावी. जुने रेशीम घडीवर फाटते.

अंतिम संग्रहात साधारण पाच-सहा पोशाख असतात. एकेका पोशाखाचे मांजरपाटात दोन-तीन प्रयोग होतात, म्हणून मूळ कापडाच्या दुप्पट-तिप्पट मांजरपाटाचा खर्च सुरुवातीलाच धरावा. प्रत्येक पोशाखासोबत मापपत्रक लागते: प्रत्येक जागेचे माप, चालणारा फरक (बहुधा अर्धा सेंमी कमी-जास्त), टाक्यांची संख्या (सुतीला इंचाला १० ते १२), अस्तर, बटणे, कापडाचा खप. परीक्षक पोशाख उलटा करून आतली शिवण पाहतात आणि मग मापपत्रकातली दोन-तीन मापे पट्टीने ताडून घेतात.