पोटावर गोळी मागताना आधी एवढं सांगा

"पोट बिघडलंय, काहीतरी द्या." ऑफिसं सुटली की दादरच्या आमच्या औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर हे रोज ऐकू येतं. आम्ही विचारतो, दुसरं कुठलं औषध चालू आहे? उत्तर ठरलेलं, "काही नाही." मग पैसे देता देता आठवतं, "ते ॲसिडिटीचं पातळ औषध घेतोय आठवडाभर. पण ते काही औषध नव्हे!"

बहुतेकदा तेच असतं. त्यातल्या मॅग्नेशियमनं जुलाब होतात, ॲल्युमिनियमनं पोट धरतं. एकमेकांना आवर घालावा म्हणूनच कंपन्या दोन्ही एकत्र घालतात. पण माप सोडून बाटलीच तोंडाला लावली की गणित बिघडतं. त्यावर जुलाबाची गोळी विकणं आम्हाला सोपं आहे, पण मूळ कारण घरी फ्रिजवरच राहतं.

व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिमलेटसारख्या चघळू नका. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेलात की पोट ढिलं होऊ शकतं. शुगर-फ्री सिरपमधल्या सॉर्बिटॉलनं गॅस धरतो, सर्दीच्या काही गोळ्यांनी शौचाला कडक होतं. लोहाच्या गोळीनं काळी होते, त्याला घाबरू नका.

अंगदुखीच्या गोळ्यांचं मात्र वेगळं. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्यंच कमी करतात, त्यामुळे "जेवून घेतली होती" एवढ्यानं भागत नाही. या गोळ्या चालू असताना डांबरासारखी चिकट काळी शौचाला झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर आमच्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनानं बंद करू नका, आणि तिच्या जोडीला दुखण्याची गोळी घेण्याआधी त्यांना विचारा.

आता आमची तक्रार. "ती छोटी पांढरी गोळी" असं सांगून शोधता येत नाही. अर्धं दुकान छोट्या पांढऱ्या गोळ्यांचं आहे, आणि मागे रांग लागलेली असते. चारच गोळ्या कापून मागितल्यात की नाव आणि मुदत असलेला तुकडा बऱ्याचदा आमच्याकडेच राहतो. म्हणून ते दोन्ही आम्ही कागदी पाकिटावर लिहून देतो. ते पाकीट वडापावच्या कागदासारखं टाकू नका. निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

"बाकीचे इतकं विचारत नाहीत," असं काहीजण चिडून म्हणतात. खरं असेल. आम्ही विचारणारच, आणि लाल रेघेची स्ट्रिप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणार नाही.

मोबाइल नंबर सांगितलात तर तुमची मागची बिलं लगेच काढून बघता येतात. लोह आणि ॲसिडिटीचं औषध यांत दोन तासांचं अंतर हवं, अशा वेळाही पाकिटावर लिहून देऊ. दुपारी दोन ते चार गर्दी नसते. आईवडिलांच्या औषधांचा डबाच घेऊन या, निवांत बघू. डबा आणणं जमत नसेल तर फोन करा. औषधं घरपोच देतोच, तेव्हा दुकानातला मुलगा डबाही बघून येईल, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरसुद्धा.