प्रोसेसरचा वापर : कमांड लाइनवरून देखरेख

प्रोसेसर किती वेळ कामात होता आणि किती वेळ रिकामा, हे टर्मिनलवर कमांड देऊन पाहण्याची पद्धत. सर्व्हरला बहुधा मॉनिटर जोडलेला नसतो. सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीत बसून दूरचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला म्हणूनच ही पद्धत यावीच लागते. पुढील विवेचन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपुरते आहे.

कोणत्याही एका क्षणी कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एक तर कामात असतो, नाही तर रिकामा. 'चाळीस टक्के' अशी त्याची स्थितीच नसते. टक्केवारी ही वजाबाकीतून काढलेली असते. यंत्र सुरू झाल्यापासून प्रत्येक कोअरचा वेळ कशात गेला याची बेरीज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'स्टॅट' फाइलमध्ये ठेवतो. विजेच्या मीटरचे मागील आणि चालू रीडिंग घेऊन युनिट काढतात, तसाच हा हिशेब. ठरावीक अंतराने असे आकडे ओळीने दाखवणाऱ्या 'व्हीएमस्टॅट' कमांडची पहिली ओळ सुरुवातीपासूनची सरासरी देते. ती सोडून द्यावी. चालू प्रोग्रामची यादी देणाऱ्या 'पीएस' कमांडमधला आकडा प्रोग्रामच्या संपूर्ण आयुष्यावर पसरलेला असतो, त्यामुळे दिवसभर निवांत असलेला प्रोग्राम आत्ता उसळला तरी तिथे थंडच दिसतो.

सर्वांत परिचित कमांड 'टॉप'; कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर वापरतो हे ती सतत दाखवत राहते. विल्यम लेफेव्र यांनी ती १९८४ मध्ये बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिली. '१' दाबले की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. एखाद्या प्रोग्रामपुढे ३९० टक्के दिसले तर ती चूक नव्हे : १०० टक्के एका कोअरचे असतात, आणि तो प्रोग्राम जवळपास चार कोअर वापरत असतो. तिच्यातला 'एसटी'चा आकडा भाड्याच्या आभासी सर्व्हरवर जरूर पाहावा; आपल्याला हवा असताना दुसऱ्याला दिला गेलेला वेळ तो दाखवतो.

'अपटाइम' ही कमांड लोडचे, म्हणजे चालू असलेल्या आणि खोळंबलेल्या कामांच्या सरासरी संख्येचे, तीन आकडे देते : गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. सांगलीकराला हे वाचायला शिकवावे लागू नये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात 'किती फूट?' च्या पाठोपाठ 'चढतंय का उतरतंय?' हा प्रश्न येतोच. ६.१०, ३.४०, १.२० म्हणजे लोड चढतो आहे. हेच आकडे उलट क्रमाने आले तर ओसरतो आहे. धोक्याची पातळी मात्र यंत्रागणिक बदलते. ती ठरवण्यासाठी आधी 'एनप्रोक' कमांडने कोअर मोजावेत. चार कोअरना सहाचा लोड जड, सोळांना किरकोळ.

इथे एक फसगत हमखास होते. १९९३ पासून लिनक्सचा लोड केवळ प्रोसेसरसाठी थांबलेली कामे मोजत नाही, डिस्कवर अडकलेलीही मोजतो. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग कारखान्याच्या गेटबाहेर जाते, तेव्हा आत बिघाडामुळे मिल थांबलेलीही असू शकते. तसेच लोड वीस असताना प्रोसेसर रिकामा असू शकतो. अशा वेळी 'टॉप'मधला 'डब्ल्यूए', म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, पाहावा. तो मोठा असेल तर नवा प्रोसेसर घेण्यात पैसे घालवू नयेत, दुखणे बहुधा डिस्कचे असते.

रात्री अडीचला सर्व्हर अडला आणि सकाळी 'टॉप' उघडला, तर हाती काही लागत नाही. त्यासाठी 'सिसस्टॅट' पॅकेजमधली 'सार' कमांड आहे. नोंदणी चालू असली की सहसा दर दहा मिनिटांचे आकडे साठत जातात आणि मागच्या दिवसांचेही पाहता येतात. माझ्या मते 'टॉप'पेक्षा हीच अधिक मोलाची, तरी बहुतेक जण ती अडचण आल्यावरच बसवतात. मग गेलेल्या रात्रीचे आकडे काही केल्या मिळत नाहीत.