तिरंगी मांजरीच्या अंगावरचा नकाशा

आमच्या जिन्यात एक तिरंगी मांजर येऊन बसते. डावा कान केशरी, उजवा काळा कुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र. जवळ न जाताही सांगता येतं, की ती मादीच असणार. असे बोके क्वचितच जन्मतात, आणि त्यांच्यात सहसा एक एक्स गुणसूत्र (पेशीतल्या डीएनएचा, म्हणजे जनुकांचा, एक गठ्ठा) जास्तीचं असतं.

मादीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एक. दोन्ही चालू राहिली तर मादीत त्यांच्या जनुकांचं काम दुप्पट होईल. म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोहोंपैकी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद करते. कुठलं, ते नशिबावर. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं.

बंद करण्याची रीत मला विलक्षण वाटते. एक्सवरच एक्सआयएसटी नावाचं जनुक आहे. त्यापासून आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, बनतो, पण त्याचं प्रथिन होत नाही. हा आरएनए ज्या गुणसूत्रावर बनला, त्याच्याच अंगाला चिकटत जातो आणि ते पुरतं लपेटून टाकतो. मग प्रथिनं येतात, डीएनएची घट्ट वळकटी करतात, त्यावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे शिक्के बसतात. आता जनुक वाचणारी यंत्रणा तिथे पोहोचूच शकत नाही. पेशीचं विभाजन झालं की तिच्या लेकी-नाती पेशींतही तेच एक्स बंद राहतं.

केशरी रंगाची किल्ली एक्सवरच आहे. तिथली डीएनएची सुमारे ५ हजार अक्षरं गळाल्यामुळे रंगपेशींत एरवी बंद असणारं एक जनुक चालू होतं. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिरंगी मांजरीत एक एक्स असं, दुसरं साधं. जिथे साधं बंद पडलं, तिथे केस केशरी; जिथे केशरीचं बंद, तिथे काळे. पांढरा रंग वेगळ्याच जनुकामुळे येतो: तिथे रंगपेशी पोहोचलेल्याच नसतात.

मांजर आडवं गेल्याने कुणाचंही काम बिघडत नाही. थांबायचंच तर हे ठिपके नीट पाहायला थांबावं.

क्लोन म्हणजे हुबेहूब तेच मांजर, हा समजही असाच चुकीचा. टेक्सासमध्ये २००१ साली रेनबो या तिरंगी मांजरीच्या पेशीपासून सीसी ही तिची क्लोन जन्मली. त्या पेशीतलं केशरी रंगाचं एक्स बंद होतं, आणि क्लोन करताना ते उघडलं नाही. सीसी १८ वर्षं जगली. केशरी ठिपका तिच्या अंगावर एकही नव्हता.