नद्यांचा नकाशा आणि टॉर्शन-फ्री गट

ज्या संचात बेरीज करता येते, वजाबाकी करता येते आणि क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, तो अबेली गट. त्यातला शून्याखेरीज कुठलाही घटक स्वतःतच कितीही वेळा मिळवला तरी शून्य होत नसेल, तर तो टॉर्शन-फ्री. व्याख्या दोन ओळींत संपते. असे गट किती तऱ्हेचे, हा प्रश्न मात्र शंभर वर्षं झाली तरी पुरता सुटलेला नाही.

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं एम.एस्सी.ला हा विषय इंग्रजीतून वाचतात आणि पहिल्याच पानावर अडखळतात. त्यांना मी शाळेतला एक जुना शब्द परत देतो: छेद. रँक म्हणजे गटात एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दिशा किती, ती संख्या. रँक १ चा गट म्हणजे काही निवडक अपूर्णांक. छेदात २ चे कितीही घात चालतील, दुसरं काही नाही, असा एक गट. फक्त ३ चे घात चालतील असा दुसरा. छेदात कोणती मूळ संख्या कुठवर चालेल याची ही मुभा म्हणजे त्या गटाचा टाइप. मोजक्या ठिकाणी थोडाफार फरक असला तर तो धरत नाहीत. पहिल्या गटाची मुभा दुसऱ्यापेक्षा मोठीही नाही आणि लहानही नाही. टाइपांच्या जगात अशा न जुळणाऱ्या जोड्या पावलोपावली भेटतात, आणि पुढची सगळी कथा त्यांच्यापायीच घडली.

या गटांवर सुरुवातीचं मोठं काम फ्रीड्रिख लेवी यांनी १९१७ साली लायपझिगला केलं. ज्यू म्हणून नाझी राजवटीत त्यांची नोकरी गेली, ते कोलकात्याला आले आणि १९४८ पासून काही वर्षं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. १९३७ मध्ये राइनहोल्ड बेअर यांनी रँक १ चा हिशेब पुरा केला: टाइप सारखा, तर गट सारखा.

रँक २ पासून घडी विस्कटते. कॉर्नर यांनी १९६१ मध्ये दाखवलं, की एकच गट वेगवेगळ्या रँकांच्या अविघटनीय, म्हणजे आणखी न फुटणाऱ्या, तुकड्यांत अनेक तऱ्हांनी फोडता येतो. त्याआधीच आइसलंडचे ब्यार्नी योन्सन यांनी सारखेपणाची अट जरा सैल केली होती. दोन गट एकमेकांत असे बसत असतील की मोजकीच फट राहते, तर ते सारखेच धरायचे. एवढं मान्य केलं की तुकडे पुन्हा ठरलेले निघतात.

खरी वाट १९६५ मध्ये बटलर यांनी काढली. रँक १ च्या मोजक्या गटांची बेरीज घेऊन तिच्यातून छेद बिघडू न देता कापलेले गट त्यांनी वेगळे काढले. अशा गटाभोवती परिमेय संख्यांवरचा सदिश अवकाश उभा करायचा आणि प्रत्येक टाइपाला त्यातला एक उपावकाश, म्हणजे शून्यातून जाणारी रेघ किंवा प्रतल असा एखादा भाग, द्यायचा. टाइप जितका मोठा, तितका उपावकाश लहान. गटांचा प्रश्न असा अंशतः क्रमित संचाच्या प्रतिरूपणांचा झाला.

इथे मी फळ्यावर आपल्याच नद्या काढतो. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. कणकुंबीची मलप्रभा आपल्या वाटेने कृष्णेला. जी दुसरीला मिळते ती धाकटी. वेदगंगा धाकटी की मार्कंडेय? या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि म्हणूनच हा क्रम अंशतः. आता प्रत्येक नदीला एक उपावकाश द्या. धाकटीचा थोरलीच्यात मावला पाहिजे. अशी मांडणी म्हणजेच प्रतिरूपण.

वेदगंगा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, मलप्रभा या चौघी एकमेकींशी अतुलनीय, म्हणजे कुठलीच दुसरीहून धाकटी नाही. प्रतलात शून्यातून जाणाऱ्या तीन रेघा काढा. अक्ष बदलून त्या दुसऱ्या कुठल्याही तीन रेघांवर नेऊन ठेवता येतात. चौथी रेघ मात्र हट्टी. तिच्यासोबत एक संख्या चिकटून येते, ती काही केल्या बदलत नाही. जितक्या संख्या तितकी वेगळी चित्रं, म्हणजे अविघटनीय प्रतिरूपणांची यादी अनंत.

कीव्हमध्ये नाझारोवा आणि रॉयटर यांनी याचं तंत्र बसवलं. १९७२ मध्ये क्लाइनर यांनी सिद्ध केलं, की ज्यांच्यामुळे यादी अनंत होते अशा मूळ आकृत्या पाचच आहेत. चार सुट्या ठिपक्यांची आकृती, म्हणजे आपल्या चौघी नद्या, त्यांतली एक. १९७५ मध्ये नाझारोवांनी त्याही पलीकडची हद्द आखली, जिथे वर्गीकरणाची आशाच सोडावी लागते. त्या आकृत्यांपैकी एकीत तीन सुटे ठिपके आणि दोघांची एक साखळी असते. आपल्या नकाशात वेदगंगेच्या डोक्यावर दूधगंगा आहेच, म्हणजे ती साखळी तयार! डेव्हिड अर्नोल्ड यांनी २००० साली हे गट आणि ही प्रतिरूपणं एका ग्रंथात एकत्र मांडली.

एका मुलीने मलप्रभा पुसून पाहिली. राहिलेल्या नकाशात क्लाइनरच्या पाचांपैकी एकही आकृती सापडत नाही, अविघटनीय प्रतिरूपणं मोजून संपतात. तिने मलप्रभा परत काढली आणि कणकुंबीचा ठिपका जरा मोठा केला.